लोड लावला की व्होल्टेज बसतं: घरी बनवलेल्या बेंच सप्लायमधला दोष कसा शोधायचा

नॉब फिरवून १२ व्होल्ट लावले, डिस्प्लेवर १२.० दिसलं, मोटर जोडली आणि आकडा ९.४ वर आला. मोटर काढली की पुन्हा १२.०. एलएम३१७ (आउटपुटचं व्होल्टेज बदलता येणारा रेग्युलेटर आयसी) वापरून घरी बनवलेल्या व्हेरिएबल सप्लायमधला हा बिघाड इतक्या वेळा माझ्या टेबलावर आलाय, की आता डबा उघडण्याआधी मी दोन-तीन प्रश्न विचारतो आणि पुष्कळदा उत्तरातच दोष सापडतो. सप्लाय आणणाऱ्याने बहुतेक वेळा आयसी आधीच बदललेला असतो. एकाने तर तीनदा बदलला होता. सोल्डर काढून काढून बोर्डावरचे तांब्याचे पॅड उचलून आले होते आणि दोष होता तिथेच होता, आयसीच्या अलीकडे.

म्हणून पहिली विनंती: सोल्डरिंग आयर्न अजून तापवू नका. खालच्या बहुतेक तपासण्या एक मल्टिमीटर आणि दोन रेझिस्टर एवढ्यावर होतात. आकडे मी साधा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), फिल्टर कपॅसिटर (ते डीसी सपाट करणारा) आणि पुढे एलएम३१७ अशा रचनेचे देतोय. तुमचा सप्लाय एलएम३३८ किंवा ७२३ अशा दुसऱ्या रेग्युलेटरवर बांधलेला असेल तर आकडे बदलतील, तपासण्यांचा क्रम तोच राहील.

लक्षणं आधी कागदावर उतरवा

"व्होल्टेज पडतं" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. किती व्होल्टवर पडतं, किती करंटला पडतं आणि लगेच पडतं की काही मिनिटांनी, या तीन गोष्टी हव्यात.

५ व्होल्टला सगळं ठीक चालतं पण १२-१५ च्या पुढे लोड दिला की लगेच बसतं, आणि सोबत स्पीकरमध्ये घुंईऽऽ असा आवाज येतो, तर रेग्युलेटरच्या इनपुटला पुरेसं व्होल्टेज पोचत नाही. नेमकं उलटं, म्हणजे १२ व्होल्टला ठणठणीत पण ५ व्होल्टला एक अँपिअर घेतला की तीन-चार मिनिटांनी कोसळतं, थोडं थांबलं की आपोआप परत येतं, तर तो उष्णतेचा प्रश्न आहे.

सप्लायचा स्वतःचा मीटर ५.० दाखवतोय पण सर्किटवर ४.६ मिळतंय, तर दोष सप्लायच्या बाहेर, वायरींमध्ये. लोड नसताना १२.६ आणि थोडासा लोड दिला की १२.०, त्यानंतर कितीही लोड दिला तरी १२.० च, तर हे पडणं खरं पडणं नाहीच, त्याबद्दल पुढे. लोड हळूहळू वाढवला तर व्होल्टेजही हळूहळू, त्याच प्रमाणात उतरत जातं आणि आयसी गारच राहतो, तर जोडणीत कुठेतरी मिलिओहम लपलेत.

आणि नॉब फिरवताना आउटपुट एकदम वर उडी मारत असेल तर वाचन इथेच थांबवून आधी पॉट, म्हणजे नॉबमागचा बदलता रेझिस्टर, बदला. एलएम३१७ मध्ये पॉटचा सरकता संपर्क क्षणभर जरी उचलला गेला तरी आउटपुट ठरवणाऱ्या जोडीतला खालचा रेझिस्टर (म्हणजे पॉटच) गायब झाल्यासारखं होतं आणि आउटपुट थेट इनपुटच्या जवळ चढतं. ५ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर तेवढ्यात जातो. पॉटचं मोकळं टोक मधल्या पिनला जोडलेलं असेल तर ही उडी पॉटच्या पूर्ण किमतीएवढ्यावर थांबते, पण तीही पुरेशी घातक असते. मी अशा पॉटवर स्प्रे मारून वेळ काढत नाही.

तपासायला लोड कुठला घ्यायचा

मोटर किंवा बल्ब तपासणीसाठी घेऊ नका. फिलामेंटच्या बल्बचा रोध थंड असताना पेटलेल्या अवस्थेच्या सुमारे एक दशांश असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी तो जवळपास शॉर्टसारखा वागतो आणि चांगला सप्लायसुद्धा करंटच्या लिमिटमध्ये जातो. १० ओहम, २५ वॉटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर घ्या. एक लावला तर १२ व्होल्टला १.२ अँपिअर. दोन पॅरलल लावले तर ५ व्होल्टला १ अँपिअर. ॲल्युमिनियमच्या खोळीतले असतील तर ते पत्र्यावर स्क्रूने कसा, कारण छापलेले वॉट पत्र्यावर बसवल्यावरचे असतात. ते सपाटून तापतात. खाली फरशी असू द्या, बोट लावू नका.

पहिली तपासणी: करंट लिमिटचा नॉब

हसण्यावारी नेऊ नका. सप्लायला करंट मर्यादेचा नॉब असेल आणि तो खाली असेल, तर व्होल्टेज पडणं हेच त्याचं काम आहे. ओळखायचं कसं? १० ओहम लावून करंट वाचा, मग दुसरा १० ओहम पॅरलल जोडा. लोड दुप्पट झाला तरी करंट जागचा हलला नाही आणि व्होल्टेज अर्ध्यावर आलं, तर सप्लाय लिमिटमध्ये आहे आणि निरोगी आहे. नॉब पूर्ण उजवीकडे नेऊन पुन्हा बघा. एका सप्लायचा नॉब शाफ्टवर घसरत होता. वरची खूण कमाल दाखवत होती, आतला पॉट निम्म्यावर अडकला होता. बारीक स्क्रू आवळला, काम झालं.

दुसरी: वायरी, क्लिपा, टर्मिनल

लोड जोडलेला असताना आधी सप्लायच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग लोडच्या पायांवर. दोन्हींतला फरक म्हणजे वायरीत गेलेलं व्होल्टेज. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटर लांबीला ०.०३५ ओहमच्या आसपास असतो. एक मीटरची जोडी, जाऊन-येऊन ०.०७ ओहम, १.५ अँपिअरला ०.१ व्होल्ट. एवढं चालतं. फरक ०.३ किंवा ०.५ व्होल्ट निघाला तर गडबड तारेत नाही, टोकाला आहे.

मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. एक प्रोब प्लगच्या धातूवर, दुसरा त्याच वायरीच्या उघड्या तांब्यावर. लोड चालू असताना एका जोडावर १०-१५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड खराब. तयार मिळणाऱ्या क्रोकोडाइल क्लिपचं रबर मागे सरकवून एकदा आत बघा. पत्र्याची दोन पानं वायरीवर नुसती दुमडलेली असतात. पंधरा-वीस तारांपैकी तीन-चार केसांसारख्या तारा पत्र्याला टेकलेल्या आणि बाकीच्या प्लास्टिकच्या आवरणाखालीच दबलेल्या, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. आवरण सोलून सगळ्या तारा पत्र्याला सोल्डर करा.

पॅनेलवरचा व्होल्ट-अँपिअरचा छोटा डिजिटल मीटरही याच तपासणीत घ्या. त्याचा शंट (करंट मोजण्यासाठीचा अगदी लहान रेझिस्टर) बहुधा निगेटिव्ह वायरीत असतो. पॉटचं खालचं टोक शंटच्या आधी जोडलेलं असेल तर शंटवर पडलेलं व्होल्टेज रेग्युलेटरला दिसतच नाही आणि आउटपुटमधून तेवढं वजा होतं. ते टोक शंटच्या पलीकडे, आउटपुटच्या निगेटिव्ह टर्मिनलवर न्या.

तिसरी: हे खरंच पडतंय का?

एलएम३१७ ला ताबा ठेवायला थोडा करंट सतत वाहता लागतो. नेहमीच्या नगाला ३.५ मिलिअँपिअर पुरतात, पण डेटाशीट १० पर्यंतची मुभा देतं. वरचा रेझिस्टर, म्हणजे आउटपुट आणि पॉटच्या मधला, २४० ओहमचा असेल तर त्यावर कायम राहणाऱ्या १.२५ व्होल्टमुळे त्यातून १.२५ भागिले २४०, म्हणजे ५.२ मिलिअँपिअरच जातात. एखाद्या नगाला तेवढे पुरत नाहीत. मग लोड नसताना आउटपुट वर तरंगतं आणि लोड लावला की खऱ्या किमतीवर येतं. आउटपुटवर १ किलोओहम जोडून बघा, १२ व्होल्टला १२ मिलिअँपिअर जातील. तरंगणं थांबलं तर २४० च्या जागी १२० ओहम घाला. पॉटची किंमतही निम्मी करावी लागेल, नाहीतर सगळी रेंज नॉबच्या अर्ध्याच फेऱ्यात संपेल.

चौथी: इनपुटला मीटर लावा

दहापैकी सात-आठ सप्लायचं उत्तर मला इथे मिळालंय, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

यासाठी डबा उघडावा लागेल. प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. फिल्टर कपॅसिटरच्या दोन टोकांवर १ किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर अर्धा मिनिट धरा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय असेल तर सोडा. त्याने कपॅसिटरचंही नुकसान होतं आणि डोळ्यांनाही धोका असतो. मेन्सच्या (घरच्या विजेच्या) बाजूचे सगळे उघडे जोड स्लीव्हने झाकलेले आहेत का बघा. नसतील तर आधी झाका, मगच पुढे. मग मीटरच्या क्लिपा कपॅसिटरवर लावून, हात बाहेर काढून, प्लग घाला.

आता तीन आकडे लिहा: लोड नसताना डीसी, पूर्ण लोडला डीसी, आणि पूर्ण लोडला त्याच जागी एसी. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजून मोठा खोटा आकडा दाखवतात. तशी शंका आली तर एका प्रोबच्या सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घाला.

एसीचा आकडा म्हणजे रिपल. कपॅसिटरवरचं व्होल्टेज सरळ रेषेत नसतं, करवतीच्या दात्यांसारखं वर-खाली होत असतं. मीटरच्या एसी आकड्याला ३.५ ने गुणलं की दात्याची पूर्ण उंची मिळते. डीसीचा आकडा ही सरासरी. त्यातून अर्धी उंची वजा केली की दात्याचा तळ मिळतो. रेग्युलेटरचं जगणं-मरणं या तळावर ठरतं, सरासरीवर नाही. एलएम३१७ ला भरपूर करंटला इनपुट आणि आउटपुटमध्ये निदान २.५ व्होल्टचं अंतर लागतं. तळ त्याहून खाली गेला की त्या क्षणापुरता रेग्युलेटर हात टेकतो, आउटपुट खाली येतं, पुढच्या दात्याला सावरतं, परत खाली येतं. मेन्स ५० हर्ट्झचे असतील तर हे सेकंदाला शंभरदा घडतं. मीटर त्याची सरासरी दाखवतो आणि आपल्याला वाटतं, व्होल्टेज बसलं. स्पीकरमधला घुंईऽऽ आवाज म्हणजे तेच शंभर हर्ट्झ.

ज्याचा आयसी तीनदा बदलला होता त्या सप्लायचं गणित मांडतो. ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्टचा, कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, अपेक्षा १५ व्होल्ट आणि १.५ अँपिअर. लोड नसताना कपॅसिटरवर २३ व्होल्ट, कारण लहान ट्रान्सफॉर्मर बिनलोडचे छापील आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के, कधी त्याहूनही जास्त देतात. ते २३ पाहून मालकाला वाटलं, इनपुट मुबलक आहे. पण लोडला काय होतं? १५ गुणिले १.४१४ म्हणजे २१.२ हे शिखर. ब्रिजचे दोन डायोड मिळून २ व्होल्ट खातात, उरले १९.२. रिपलची उंची ढोबळमानाने करंट गुणिले ०.०१ सेकंद भागिले कपॅसिटर, म्हणजे १.५ × ०.०१ ÷ ०.००२२, जवळपास ६.८ व्होल्ट. तळ १२.४. त्यातून २.५ गेले, राहिले १० च्या आत-बाहेर. म्हणजे तो सप्लाय पूर्ण लोडला दहा व्होल्टच्या वर जाऊच शकत नव्हता. कुठलाही आयसी घातला असता तरी नाही. हे सूत्र रिपल थोडा वाढवूनच सांगतं, पण गणित करताना चूक व्हायचीच तर या बाजूला झालेली बरी.

बिघाड म्हणून आलेल्या अशा सप्लायमध्ये खराब झालेलं काहीच नसतं. डिझाइन करताना ही चार ओळींची वजाबाकी केलेली नसते, एवढंच.

तीच अपेक्षा कशी पुरी होईल? ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टचा आणि कपॅसिटर ४७०० घ्या, आणि मेन्स दहा टक्के कमी आहेत असं धरा: १६.२ × १.४१४ = २२.९; डायोडचे २ गेले, २०.९, रिपलचे ३.२ गेले, १७.७, रेग्युलेटरचे २.५ गेले, १५.२. जेमतेम, पण पुरलं. कपॅसिटर ५० व्होल्टचाच घ्या, कारण मेन्स चढलेले आणि लोड नसेल तेव्हा तिथे ३२ व्होल्टपर्यंत येतात आणि ३५ व्होल्टचा नग काठावर जगतो. ट्रान्सफॉर्मरच्या करंटचंही विसरू नका. ब्रिज आणि कपॅसिटर असताना छापील एसी करंटच्या साधारण ०.६२ पटच डीसी सतत घेता येतो. दीड अँपिअर डीसी हवा तर अडीच अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. २ अँपिअर लिहिलंय म्हणून २ अँपिअर काढत राहिलात तर तो तापतो आणि व्होल्टेज आणखी सोडतो.

पाचवी: ब्रिज आणि कपॅसिटर

गणितानुसार पुरायला हवं, तरीही तळ खाली आलाय? मग भाग खराब असण्याची शक्यता खरी. आधी ब्रिज, कारण तो तपासायला काहीच खर्च नाही. मीटरला हर्ट्झची सोय असेल तर रिपलची वारंवारता वाचा. ५० हर्ट्झच्या मेन्सवर १०० यायला हवी. ५० आली तर एक डायोड किंवा त्याचा सोल्डर तुटलाय, अर्धी लाट वाया जातेय आणि कपॅसिटरला दुप्पट वेळ एकट्याने तग धरावा लागतोय. १एन४००७ चार लावून केलेल्या ब्रिजमध्ये हे फार दिसतं. दीड अँपिअरला प्रत्येक डायोडच्या वाट्याला सरासरी पाऊण अँपिअर येतो, म्हणजे मर्यादेत, पण बोर्डाला चिकटून बसवलेला डायोड तापत राहतो आणि पायाभोवतीच्या सोल्डरला बारीक गोल चीर पडते. भिंग घेऊन बघा. बदलताना ३ अँपिअरचे १एन५४०८ घाला आणि बोर्डापासून थोडे उंच ठेवा.

कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर पुढचं काही नको, बदला. न फुगताही तो आतून वाळतो. तपासायला प्लग काढून, डिस्चार्ज करून, प्लस-मायनस दोनदा बघून, त्याच्यावर २२०० चा चांगला कपॅसिटर पॅरलल लावा आणि रिपल परत मोजा. मूळचा ४७०० निरोगी असेल तर रिपल साधारण एक तृतीयांशाने घटतो. घटून एक तृतीयांशच उरला, तर मूळच्यात अकराशेच्या आसपासच जीव राहिलाय. उलटा जोडलेला इलेक्ट्रोलिटिक फुटतो, म्हणून दोनदा बघा म्हटलं ते मनापासून म्हटलं. हे कपॅसिटर वाळतात ते उष्णतेने. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अंदाजे निम्मं होतं. हीटसिंकला खेटून बसवला असेल तर नवा बसवताना दूर न्या, नाहीतर तोच नग पुन्हा बदलाल.

सहावी: उष्णता

इनपुट आणि आउटपुटमधला फरक गुणिले करंट, एवढे वॉट आयसीत जळतात. वरच्या १८ व्होल्टच्या रचनेत लोडला सरासरी इनपुट २१.८. आउटपुट ५, करंट १.५: २५ वॉट. एलएम३१७ च्या टीओ-२२० खोळीत आतल्या चिपपासून पत्र्यापर्यंतच वॉटमागे चार-पाच अंश चढतात. पंचवीस वॉटला तिथेच शंभर अंश गेले, हीटसिंक अजून हिशोबात आलाच नाही. आयसी स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो आणि निवला की परत चालू होतो. म्हणून ५ व्होल्टला पडतो आणि १२ ला नाही.

हीटसिंक मोठा करण्याआधी आयसी त्याला नीट टेकलाय का बघा. कागदाची पट्टी आयसी आणि पत्र्याच्या मधे सरकवून बघा. सरकली तर फट आहे. एकदा हीटसिंकच्या भोकाला ड्रिलने राहिलेला धातूचा बारीक कंगोरा हाताला लागला. त्यावर अभ्रकाची चकती, तिच्यावर आयसी. सगळा आयसी त्या कंगोऱ्यावर तरंगत होता. मोठ्या ड्रिलचं टोक हातानेच दोनदा फिरवून तो काढला, पेस्ट लावली आणि चार मिनिटांत पडणारा सप्लाय पडायचा थांबला. अभ्रकाची चकती टाकून देऊ नका. एलएम३१७ चा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, चकतीशिवाय अर्थिंग केलेल्या डब्याला लागला तर आउटपुट डब्यावर येतं.

फट नाही, पेस्ट आहे, तरी पडतो? मग उपाय डिझाइनमध्ये आहे. १८ व्होल्टच्या वाइंडिंगला १२ व्होल्टचा टॅप (मधूनच काढलेलं टोक) घ्या आणि ७ व्होल्टच्या खाली काम असताना स्विच किंवा रिलेने त्यावर जा. ५ व्होल्टला दीड अँपिअरची उष्णता २५ वरून १३ वॉटच्या आत येते. वरच्या व्होल्टेजला पुरेल एवढं इनपुट आणि खालच्या व्होल्टेजला कमी उष्णता, या दोन गोष्टी एकाच वाइंडिंगकडून मागितल्या की एक बाजू लंगडी पडणारच.

सातवी: बोर्डावरची जोडणी

इनपुट भक्कम, आयसी कोमट, तरी लोडच्या प्रमाणात व्होल्टेज उतरतंय. आकृती तपासली, बरोबर आहे. तरीही उतरतंय. अशा वेळी वरचा रेझिस्टर, म्हणजे १२० किंवा २४० चा, नेमका कुठे सोल्डर केलाय ते बघा. आकृतीत तो आउटपुटला जोडलेला असतो, आणि आउटपुट म्हणजे टर्मिनल असं समजून बरेच जण त्याची वायर पॅनेलवर नेतात. आयसीची पिन आणि ती जागा यांत ०.०५ ओहमची वायर असली तर १५ व्होल्टला तिचा परिणाम बारापट होतो, कारण त्या रेझिस्टरवरच्या १.२५ व्होल्टमधली प्रत्येक चूक बारांनी गुणली जाऊन आउटपुटवर येते. एका अँपिअरला ०.६ व्होल्ट गेले. रेझिस्टरचं टोक थेट आयसीच्या आउटपुट पिनवर घ्या. पॉटचं खालचं टोक मात्र उलट, लोडच्या जवळ, निगेटिव्ह टर्मिनलवर. ब्रिजपासून फिल्टर कपॅसिटरला येणाऱ्या निगेटिव्ह वायरीवर पॉट कधीच टेकवू नका. त्या वायरीतून करंटचे मोठे ठोके जातात आणि रिपल थेट रेग्युलेटरच्या संदर्भ व्होल्टेजमध्ये मिसळतो.

फिल्टर कपॅसिटर आयसीपासून वीतभर दूर असेल तर आयसीच्या इनपुट पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरड हवाच. तो नसला की कधीकधी आयसी ऑसिलेट होतो (आउटपुट आपोआप भराभर वर-खाली होत राहतं) आणि विनाकारण गरम राहतो.

आयसी

आता, इथे आल्यावर, आयसी बदलायला हरकत नाही. हा आयसी १९७६ मध्ये बॉब डॉबकिन यांनी नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये असताना घडवला आणि करंटची मर्यादा, उष्णतेपासून बचाव हे सगळं त्याच्या आतच ठेवलं. त्यामुळे लोडच्या बाजूने तो सहजी मरत नाही, आणि म्हणूनच मी त्याला संशयितांच्या यादीत शेवटी ठेवतो. दुसरी एक गोष्ट: इनपुट-आउटपुटमधलं अंतर वाढलं की तो स्वतःच करंट कमी देतो, ते अंतर ४० व्होल्टच्या जवळ गेलं तर दीड अँपिअरची अपेक्षाच चूक. नकली नगही असतात, तेव्हा बदलायचा तर खात्रीच्या ठिकाणचा घ्या.

कुठे थांबायचं

फ्यूज बदलल्यावर पुन्हा लगेच उडाला, तर तिसरा घालून बघू नका आणि जास्त अँपिअरचा तर मुळीच नाही. आउटपुटला काहीही न जोडता ट्रान्सफॉर्मर तापतोय, गुरगुरतोय किंवा त्याला जळक्या वार्निशचा वास येतोय, तर आतले वेढे शॉर्ट झालेत. डब्याला हात लावला की मुंग्या येतात, तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची वायर डब्याला पोचलेली नाही, मेन्सच्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकलंय, यापैकी काहीही दिसलं तरी प्लग काढा आणि सप्लाय जाणकार तंत्रज्ञाकडे द्या. ही दुरुस्ती अवघड असते असं नाही, पण ती बरोबर झाली की नाही हे इन्सुलेशन टेस्टरशिवाय घरी कळत नाही.

आणि तुमचा बेंच सप्लाय एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा) असेल, किंवा कॉम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायपासून बनवलेला असेल, तर डबा उघडण्याच्या आधीच थांबा. वायरी आणि नॉब एवढंच तपासा. आत २३० व्होल्टच्या मेन्सवर ३२५ व्होल्टपर्यंत, कधी त्याहूनही जास्त भरलेला कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही तो काही काळ भरलेला राहू शकतो, आणि वर लिहिलेली एकही मोजणी त्या बाजूला सुरक्षित नाही.

दुरुस्तीनंतर

डबा लगेच बंद करू नका. १२ व्होल्टला एक १० ओहम लावून अर्धा तास चालू ठेवा, मग ५ व्होल्टला दोन पॅरलल लावून आणखी अर्धा तास. सुरुवातीला आणि शेवटी आउटपुट, कपॅसिटरवरचं डीसी आणि रिपल लिहा. हे आकडे एका चिठ्ठीवर तारखेसकट डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. दोन वर्षांनी सप्लाय पुन्हा बसला, की कपॅसिटर वाळलाय का हे त्या चिठ्ठीशी ताडून पाच मिनिटांत कळतं.